अहेरीच्या अंगणात ब्राझीलची कोंबडी

बल्लारशाहला रेल्वेतून उतरलं की अहेरीचा खरा प्रवास सुरू होतो. एस. टी. गोंडपिपरीवरून पुढे निघते, वैनगंगेचा लांब पूल ओलांडते आणि आष्टीला गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूरचाच होता. आष्टीच्या पुढे चपराळ्याचं अभयारण्य. त्याच भागात वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग. आलापल्लीच्या चौकात वाटा फुटतात. एक भामरागडकडे जाते, एक सिरोंचाकडे, एक एटापल्लीकडे. उरलेल्या वाटेने थोडं पुढे गेलं की नागेपल्ली आणि मग अहेरी.

प्राणहितेच्या अलीकडे अहेरी, पलीकडे तेलंगणा. १९४८ पर्यंत पलीकडचा काठ हैदराबादच्या निझामाचा होता आणि अलीकडे अहेरीची जमीनदारी. राज्यं बदलली, पण काठांवरची ये-जा थांबली नाही. म्हणून इथल्या बाजारात उभं राहिलं की एका दमात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया आणि आपली दखनी कानावर पडते. माझी खाला लग्न होऊन इथे आली त्याला चाळीस वर्षं झाली. ती भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करते, शेजारणीशी मराठीत सुखदुःख बोलते आणि नातवंडांना दखनीत रागावते.

इथलं ताट भाताचं. पोळी पाहुण्यांसाठी किंवा आजाऱ्यासाठी. भात आला म्हणजे त्यावर ओतायला काहीतरी पातळ हवं. वरण असेल, अंबाडीची आंबट भाजी असेल, नाहीतर रस्सा. विदर्भात कोंबडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो लाल तर्री आलेला रस्साच. गावरान कोंबडीचं मांस चिवट, ते शिजायला वेळ घेतं, पण पाण्यात उतरलेली तिची चव सगळ्या घराला पुरते. खालाच्या घरी जुम्याला कोंबडी असली की भिंतीपलीकडे एक वाटी जातेच. सालन शिजवताना पाणी थोडं वाढवावं आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही हदीस तिने लहानपणी मदरशात ऐकली. तेव्हापासून तिचं पातेलं माणसं मोजून चढत नाही, घरं मोजून चढतं.

या घरात गेल्या हिवाळ्यात ब्राझीलची कोंबडी आली, ती तिच्या थोरल्या मुलाबरोबर. तो सात वर्षं जेद्दाला एका हॉटेलच्या भटारखान्यात होता आणि शेवटची तीन वर्षं त्याने ब्राझिली पद्धतीच्या निखाऱ्यांपुढे काढली. घरी आल्यावर त्याने जाहीर केलं की या जुम्याला जेवण तो करणार, आणि तेही भाजलेल्या कोंबडीचं. खालाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“बेटा, यात रस्सा कुठे आहे? घरात दहा माणसं, भिंतीपलीकडे दोन घरं. एका कोंबडीचे तुकडे तू करणार किती?”

“अम्मी, तिकडे एकेकाला अर्धी कोंबडी देतात.”

“तिकडे शेजारी नसतील,” खाला म्हणाली आणि लसूण सोलायला बसली.

ही गोष्ट हसण्यावारी गेली, पण तिचा प्रश्न खरा होता. रस्सा वाढवता येतो, भाजलेली कोंबडी वाढवता येत नाही. अचानक मेहमान आला तर पातेल्यात पेलाभर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून भागतं. जाळीवरच्या कोंबडीत काय घालणार? आपल्या घरांतून हल्ली तंदुरी, ग्रिल, शोरमा असं कोरडं गोश्त वाढत चाललं आहे. प्रत्येकाच्या पुढे त्याचं त्याचं ताट, त्याचा त्याचा तुकडा. त्यात दस्तरखानवरची बरकत कुठे बसवायची, असंच खाला विचारत होती.

ज्या देशाचं नाव या कोंबडीला लागलं आहे, तिथे हा प्रश्न कसा सुटला ते पाहण्यासारखं आहे. ब्राझीलच्या अगदी दक्षिणेला रिओ ग्रांदे दो सुल नावाचं राज्य आहे. मोठमोठी गवताळ कुरणं, त्यांवर जनावरांचे कळप आणि कळपांमागे घोड्यावरून फिरणारे गुराखी. त्यांना गाऊशो म्हणतात. दिवसभर माळावर असणाऱ्या या लोकांकडे ना भांडी होती, ना मसाले. जमिनीत खड्डा करून लाकडं पेटवायची, निखारे झाले की सळईला लावलेलं गोश्त त्यांच्या आचेला धरायचं आणि वर फक्त खडेमीठ. यालाच शुरास्को म्हणतात. गोश्त भाजत आलं की शिजलेला भाग सुरीने कापून ज्याला त्याला द्यायचा आणि सळई पुन्हा आचेवर धरायची. म्हणजे मुळात तिथे कुणाला अख्खा तुकडा मिळत नव्हता. सगळ्यांना थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा मिळत होतं. एकेकाला अर्धी कोंबडी ही हॉटेलच्या मेनूकार्डाची रीत झाली, गुराख्यांची नव्हे.

कोंबडी या प्रकारात नंतर आली. १८७५ पासून इटलीतली गरीब शेतकरी कुटुंबं याच राज्यातल्या डोंगराळ भागात येऊन वसली. त्यांच्यामुळे तिथे कोवळी, लहान कोंबडी सळईवर भाजण्याची पद्धत रुजली. तिला गालेतो म्हणतात, आणि तिच्या पूर्ण नावाचा अर्थ होतो नुकतीच पहिली बांग दिलेला कोंबडा. आपल्याकडेही जाणती बाई बाजारात तलंग किंवा नुकता बांग द्यायला लागलेला पट्ठाच निवडते. ब्राझीलच्या शहरांत रविवारी दुकानाबाहेर काचेच्या कपाटात कोंबड्या गोल गोल फिरत भाजल्या जातात आणि रस्त्यावरची कुत्री समोर बसून टक लावून पाहतात. म्हणून लोकांनी त्या कपाटाला कुत्र्यांचा टीव्ही असं नाव ठेवलं आहे. अहेरीच्या पोरांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

ब्राझील आपल्याला वाटतो तितका परका नाही. काजू आणि अननस ही दोन्ही नावं तिथल्या मूळच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आली आणि त्यांच्या गलबतांतून फळांसकट आपल्या किनाऱ्यावर उतरली. मुसलमानांचाही त्या देशाशी जुना संबंध आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जबरदस्तीने नेलेल्यांत पुष्कळ मुसलमान होते. १८३५ च्या जानेवारीत, रमजानच्या महिन्यात, साल्वादोर शहरात त्यांनी गुलामीविरुद्ध उठाव केला. तो दडपला गेला, पण ब्राझीलच्या इतिहासात तो मालेंचा उठाव म्हणून नोंदला गेला. पुढे सीरिया आणि लेबनॉनमधून अरब कुटुंबं तिथे गेली, आणि आज त्यांचा खिम्याचा कुब्बा आणि गोश्त भरलेली एस्फिहा तिथे वडापावसारखी नाक्यानाक्यावर मिळते.

आखातात राहिलेल्या आपल्या माणसांना ब्राझील आठवतो तो मात्र फ्रीजमधून. आज जगात सर्वांत जास्त कोंबडी निर्यात करणारा देश ब्राझील आहे, वर्षाला सुमारे ५० लाख टन. त्यातला मोठा वाटा सौदी अरब, संयुक्त अमिरात आणि इतर मुस्लिम देशांत जातो. त्यासाठी तिथल्या कारखान्यांत मुस्लिम कामगार जबीहा करतात आणि मुस्लिम संस्था तपासणी करून हलालचा दाखला देतात. अशा संस्थांपैकी फाम्ब्रास ही १९७९ ची. जेद्दा, कुवेत किंवा दुबईत खोली करून राहणाऱ्या रत्नागिरीच्या, औरंगाबादच्या, नागपूरच्या कितीतरी पोरांनी रात्री ड्यूटीवरून येऊन हीच गोठलेली कोंबडी पाण्यात सोडली असेल. भाऊ म्हणतो, पिशवीवर हलाल लिहिलेलं असायचं आणि त्यावर विश्वास होता. पण ती कोंबडी कुठल्या अंगणात दाणे टिपत होती, हे विचारण्याची सोयच नव्हती.

अहेरीत ती सोय आहे. खालाच्या भिंतीला लागून एक गोंड कुटुंब राहतं. त्या घरच्या बाईला सगळी गल्ली अक्का म्हणते. तिच्या अंगणातल्या कोंबड्या सगळ्या आळीला ओळखीच्या. जुम्याच्या सकाळी अक्काने दोन पट्ठे टोपलीखालून काढून दिले आणि जबीहा खालूंनी केला. कुराणात हलालबरोबर तय्यब हाही शब्द येतो, म्हणजे पाक, चांगलं, स्वच्छ. पहिल्या शब्दाकडे आपण काटेकोरपणे पाहतो. दुसऱ्याकडे पाहायला असं एखादं अंगण लागतं.

हे जेवण घरीच का करायचं, त्याचंही कारण आहे. मोठ्या शहरांत ब्राझिली म्हणवणारी हॉटेलं असतात, पण त्या पद्धतीत एकाच जाळीवर डुकराचे सॉसेजही भाजले जातात आणि सुरी सगळीकडे एकच फिरते. मूळ पाककृतींत कोंबडी कुठे व्हाइट वाइनमध्ये, कुठे बिअरमध्ये भिजवतात. त्याने मांस मऊ पडतं, एवढंच त्यांचं काम. ते काम लिंबू करतं, आणि आपल्या घरात लिंबाला तोटा नाही.

आता निखाऱ्याविषयी, कारण या कोंबडीचा मसाला तोच आहे. चंद्रपूर म्हटलं की कोळसा, पण तो दगडी कोळसा. त्यावर गोश्त भाजू नये. त्याच्या धुरात गंधकाचा वास असतो आणि तो मांसात उतरतो. लाकडी कोळसा किंवा लाकडाचे निखारेच हवेत. या जंगलात धावड्याचं लाकूड त्यासाठी नावाजलेलं. त्याचा निखारा जड, लाल आणि बराच वेळ टिकणारा. धावडा नसेल तर बाभूळ चालते. जंगलात शिरून ओलं झाड तोडायचं नाही. डेपोतून घेतलेलं जळाऊ किंवा वाळून पडलेलं लाकूड पुरेसं होतं. बिब्ब्याचं लाकूड मात्र चुकूनही चुलीत जाऊ देऊ नये. त्याचा धूर अंगावर, डोळ्यांत उततो. गंमत अशी की बिब्बा आणि ब्राझीलचा काजू एकाच कुळातले. दोघांचंही बी फळाच्या खाली, बाहेर लटकतं, आणि दोघांच्या टरफलात झोंबणारं तेल असतं. इथली चारोळीही त्यांचीच बहीण, पण गरीब स्वभावाची. रंग किंवा पॉलिश लावलेलं जुनं फर्निचरही जाळू नये.

भावाने अंगणात दोन बाजूंना विटा रचल्या आणि वर लोखंडी जाळी ठेवली. जस्ताचा चकचकीत मुलामा असलेली जाळी घेऊ नका. तापल्यावर तिचा धूर बाधतो. ज्वाळा पूर्ण विझून निखाऱ्यांवर पांढरी राख येईपर्यंत थांबायचं. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा. चार-पाच आकडे मोजेपर्यंत हात टिकला तर आच बरोबर. दोनच आकड्यांत चटका बसला तर कोंबडी वरून करपेल आणि हाडाजवळ कच्ची राहील. रोडगे भाजणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गोवऱ्यांचा जाळ आणि गोवऱ्यांची धग यांतला फरक त्यांच्या हाताला कळतो.

आता कृती. साधारण एक किलोची कोंबडी घ्यावी. पाठीचा कणा कात्रीने किंवा सुरीने कापून काढावा आणि कोंबडी पुस्तकासारखी उघडून तळहाताने सपाट दाबावी. म्हणजे ती सगळीकडे सारखी भाजते. मांडीच्या सांध्याजवळ दोन चिरा द्याव्यात. दहा लसूण पाकळ्या आणि दोन चहाचे चमचे खडेमीठ एकत्र ठेचावं. त्यात तीन लिंबांचा रस, एक चमचा जाडसर कुटलेली मिरी, अर्धा चमचा जिरेपूड, रंगापुरतं तिखट, मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि दोन मोठे चमचे तेल घालून हे सगळं कोंबडीला आतून-बाहेरून चोळावं. गरम मसाला नाही, दही नाही, खायचा रंग नाही. तीन-चार तास झाकून ठेवावं. हे फ्रीजमध्येच.

भाजताना हाडाची बाजू आधी खाली. त्या बाजूने वीस-पंचवीस मिनिटं, मग उलटून पंधरा-वीस मिनिटं. वेगळ्या वाटीत पाणी, मीठ आणि ठेचलेला लसूण कालवून ठेवावा आणि कोथिंबिरीच्या जुडीने ते पाणी मधूनमधून शिंपडावं. ब्राझीलमध्येही असंच मिठाचं पाणी मारतात. त्याने कातडी कोरडी पडत नाही. कच्ची कोंबडी ज्यात भिजली होती तो मसाला भाजलेल्या कोंबडीवर पुन्हा लावू नये. मांडीत सुरी टोचल्यावर निघणारा रस गुलाबी नसून पारदर्शक असला म्हणजे कोंबडी झाली. खाली उतरवून आठ-दहा मिनिटं तशीच ठेवावी आणि मगच कापावी, नाहीतर सगळा रस ताटात वाहून जातो.

हे झालं ब्रॉयलरचं. अक्काच्या गावरान पट्ठ्यांचं मांस इतक्या वेळात मऊ झालं नसतं. इथे खालाने सूत्रं हातात घेतली. तिने दोन्ही कोंबड्यांचे कणे, माना, पाय आणि कलेजी-पेटा मोठ्या पातेल्यात घातले, वर कांदा, आलं, मिरे आणि भरपूर पाणी. यखनीला उकळी आल्यावर सपाट केलेल्या दोन्ही कोंबड्या त्यात सोडल्या आणि अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेवल्या. बाहेर काढून, निवल्यावर त्यांना लसूण-लिंबाचा मसाला लागला आणि त्या जाळीवर गेल्या. आता वीस मिनिटं भाजणं पुरेसं होतं. भावाने आधी नाक मुरडलं, कारण त्याच्या हॉटेलात असं कुणी केलं नव्हतं. पण कोंबडी मऊ झाली आणि पातेल्यात यखनी उरली. खालाने तिला लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी दिली, मूठभर अंबाडीचा पाला टाकला. दहा माणसांचा आणि दोन घरांचा रस्सा तयार.

सोबतीला दोन गोष्टी हव्यात. ब्राझीलमध्ये भाजलेल्या गोश्ताबरोबर फरोफा असतो. कसाव्याच्या कंदाचं जाड पीठ तुपात खमंग परतलेलं. त्याच कंदापासून आपला साबुदाणा होतो, पण साबुदाण्याने ती खुसखुशीत चव येत नाही. गडचिरोली हा धानाचा जिल्हा, म्हणून आम्ही तांदळाची कणी भाजून जाडसर दळली, तुपात कांदा परतून त्यात ती घातली, वर मीठ आणि अक्काने दिलेली चारोळी. गोश्ताचा रस शोषून घ्यायला आणि पोट भरायला हा प्रकार उत्तम. दुसरी विनाग्रेची. टोमॅटो, कांदा, सिमला मिरची बारीक चिरून त्यात मीठ, तेल आणि सिरका. सिरक्याला तर हदीसमध्ये चांगलं सालन म्हटलेलं आहे. नसेल तर लिंबू पिळा.

वाढताना भावाने गाऊशोंची रीत धरली. कुणाच्या ताटात तांगडी नाही, कुणाच्या ताटात छाती नाही. कोंबडी लाकडी पाटावर ठेवून तो पातळ काप काढत गेला आणि दस्तरखानभर फिरला. आधी पोरं, मग खालू, मग बायका, मग पुन्हा पोरं. तांगडीसाठी दरवेळी होणारं भांडण त्या दिवशी झालं नाही, कारण तांगडी अशी वेगळी उरलीच नव्हती. कापांबरोबर कणीचा फरोफा, मग भात आणि त्यावर गरम रस्सा. दोन कोंबड्यांत दहा माणसं जेवली आणि उठताना पाटावर काप शिल्लक होते.

ते काप पळसाच्या पानात बांधून, रस्स्याची डेचकी घेऊन मी खालाबरोबर भिंतीपलीकडे गेले. अक्का चुलीपुढेच बसली होती. तिने पान सोडलं, एक काप तोंडात टाकला आणि मान डोलावली. मग डेचकीचं झाकण उघडून वास घेतला.

“निखाऱ्यावरचं तर आम्ही लहानपणापासून खातो,” ती खालाला म्हणाली. “पण रस्सा आज फार छान झालाय. कशात केलास?”

खालाने तिला सगळं सविस्तर सांगितलं. ब्राझीलचं नाव मात्र तिच्या सांगण्यात कुठे आलं नाही.